किती न्यूट्रॉन टाकून द्यायचे?

अणुभट्टीतून न्यूट्रॉन वाटेल त्या दिशेने सुटतात. न्यूट्रॉन रेडिओग्राफीत, म्हणजे न्यूट्रॉनने वस्तूचं चित्र काढताना, त्यातले जवळपास समांतर चालणारे तेवढे ठेवायचे आणि बाकीचे वाटेतच गिळायचे, हे कॉलिमेटरचं काम. म्हणजे आम्ही डिझाइन करतो ते मुख्यतः फेकाफेकीचं.

हिशेब एका गुणोत्तराभोवती फिरतो, एल बाय डी: कॉलिमेटरच्या भोकापासून वस्तूपर्यंतचं अंतर भागिले भोकाचा व्यास. 6 मीटर आणि 3 सेंटिमीटर, म्हणजे 200. डिटेक्टरपासून 1 सेंटिमीटर पुढे असलेली कड चित्रात 0.05 मिलिमीटर पसरते. व्यास निम्मा केला की पसरणंही निम्मं होतं, पण न्यूट्रॉन चौथाईच उरतात आणि एक्स्पोजर चौपट लागतं. कल्पाक्कमची कामिनी भट्टी 30 किलोवॉटची. तुर्भ्याच्या 100 मेगावॉटच्या ध्रुव भट्टीपुढे अगदीच चिल्लर. इस्रोच्या स्फोटक उपकरणांची न्यूट्रॉन रेडिओग्राफी मात्र कामिनीवर होते. अशा भट्टीवर चौपट वेळ मागण्याआधी दहादा विचार करावा.

खरी कटकट गिळण्याची. कॅडमियमचा पत्रा मऊ, कात्रीने कापता येतो. हातमोजे घालायचे आणि कानस लावायची नाही, कारण त्याची धूळ विषारी. 1 मिलिमीटर पत्रा थर्मल, म्हणजे मंद, न्यूट्रॉनला जवळजवळ पूर्ण अडवतो. पण अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे न्यूट्रॉन त्यातून सरळ निघून जातात. शिवाय जो न्यूट्रॉन गिळला जातो, तो जाताजाता गॅमा किरण सोडवतो आणि तेच चित्रावर धुकं धरतात. म्हणून मागे बोरॉन, त्यामागे शिसं. लिथियम-6 गॅमा जवळपास देतच नाही. माझं मत विचाराल तर वस्तूजवळच्या टोकाला तेच बरं.

बीम कसा आहे ते एक छोटा टेफ्लॉनचा ठोकळा सांगतो. त्यात बोरॉन नायट्राइडच्या आणि शिशाच्या चकत्या असतात, आणि कॅडमियमच्या दोन तारा: एक फिल्मला चिकटून, दुसरी लांब. चित्रात जवळची तार रेघेसारखी उमटते. लांबची किती फिसकटली, यावरून कॉलिमेटरची लायकी कळते. शिशाच्या चकत्या गॅमाची चुगली करतात.

एवढं करूनही चित्र धुरकट आलं तर बहुधा कॉलिमेटरच्या दोन ठोकळ्यांमधला सांधा सरळ असतो. केसाएवढी सरळ फट मिळाली तरी न्यूट्रॉन तिथून वाहतात. सांधा पायऱ्यांचाच हवा. कॉलिमेटरचं ड्रॉइंग तपासायला आलं, तर एल बाय डी नंतर बघा. आधी सांधे बघा.