नाव एकाचं, काठी दुसऱ्याची

सोन्याचा कस लावणारी माणसं आमच्या आटपाडी-खानापूर भागात गावोगाव भेटतील. पावसानं पाठ फिरवलेल्या या मुलखातून तरुण पोरं बाहेर पडली आणि गलाईच्या धंद्यानं देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन बसली. सोनं किती टंच, हे ही मंडळी बघता बघता सांगतात. पण सोन्याला आपला कारागीर आठवत नाही. मुशीत वितळलं की त्याचा मागचा सगळा इतिहास पुसला जातो. लाकडाचं तसं नसतं. लाकूड आठवण धरून ठेवतं, फक्त ती वाचता यायला हवी.

हे आठवायचं कारण म्हणजे आटपाडीतल्या एका गलाईवाल्या घरातली वाटणी. आजोबा कलकत्त्याला होते. जुन्या घराच्या माळ्यावर त्यांची एक लांब, गुळगुळीत काठी निघाली. बिलियर्ड्सची क्यू. एका खरेदीदारानं सांगितलं, ‘ही औंधच्या पंतप्रतिनिधींची. मोठी किंमत येईल.’ दुसरा म्हणाला, ‘छे, हिच्यावर तर जगज्जेत्याचं नाव आहे!’ तोवर कोपऱ्यात पडलेल्या काठीवर दोघा भावांचा हक्क एकदम जागा झाला. बोलणं बंद व्हायची वेळ आली, तेव्हा थोरले माझ्याकडे आले. ‘साहेब, तुम्ही ब्यांकेत व्हता. कागद बघितल्यागत एवढं बघा की.’

आता औंधच्या राजाचं म्हणाल, तर आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती हे खरं. पण भवानराव पंतप्रतिनिधींची ख्याती सूर्यनमस्कारांची, चित्रकलेची आणि औंधच्या संग्रहालयाची. गाव राजाचं होतं म्हणून गावातली काठी राजाची ठरत नाही. त्याला पुरावा लागतो, आणि तो कुणाकडेच नव्हता.

राहिला जगज्जेता. मुठीपाशी क्यूचं लाकूड एका बाजूनं सपाट तासलेलं असतं, तिथे एक पांढरी पट्टी बसवलेली असते. या पट्टीवर तीन वेगवेगळी नावं असू शकतात: बनवणाऱ्याची, विकणाऱ्याची आणि खेळाडूची. बँकेत धनादेश काढणारा एक, ज्याला मिळायचा तो दुसरा आणि वटवायला येणारा तिसराच असतो, तसंच हे. खेळाडूचं नाव ही जाहिरात. आज बॅटवर क्रिकेटपटूची सही छापलेली असते, म्हणून ती बॅट त्याच्या हातातली होत नाही.

पण या जाहिरातीचा एक मोठा उपयोग आहे. आमच्या काठीवर वॉल्टर लिंडरम या ऑस्ट्रेलियन खेळाडूचं नाव आणि ४१३७ हा आकडा होता. एका डावात सलग ४१३७ गुणांचा हा विक्रम लिंडरमनं जानेवारी १९३२ मध्ये लंडनच्या थर्स्टन हॉलमध्ये केला. म्हणजे काठी त्याआधीची असूच शकत नाही. जो डेव्हिसच्या नावाशेजारी १४७ हा विक्रम कोरलेला असेल, तर ती काठी १९५५ नंतरची. आकडा खालची हद्द ठरवतो. वरची मात्र ठरवत नाही, कारण अशी गाजलेली पट्टी पुढे कितीतरी वर्षं विकली जाते.

कारखानदाराचा पत्ताही असाच बोलतो. थर्स्टन ही पेढी १७९९ ची, पण लंडनच्या लेस्टर स्क्वेअरला ती १९०१ मध्ये आली आणि तिथला हॉल १९४० च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. बरोज अँड वॉट्स १८३६ ची, पत्ता सोहो स्क्वेअर. रायली १८७८ ची, अ‍ॅक्रिंग्टनची. आमच्या पट्टीवरची ही ओळच गेली होती. ‘उजळ दिसावी’ म्हणून घरातल्या कुणीतरी तिच्यावर पॉलिश पेपर फिरवला होता! कारागिराचं नाव पाच मिनिटांत कायमचं गेलं.

मग लाकडाला विचारलं. वरचा दांडा अ‍ॅशचा, त्याचे रेघांचे बाण स्पष्ट दिसत होते. मूठ काळ्या आबनुसाची. दोन लाकडांचा सांधा हातानं केला असेल, तर त्याची टोकं जराशी गोलसर येतात. यंत्रानं केला असेल, तर सुईसारखी अणकुचीदार. आमची गोलसर होती. अर्थात हातसांधा म्हणजे जुनी, असं नव्हे. दोन्ही प्रकार एकाच काळात विकले जात. मुठीवर १७ हा शिक्का होता, तो औंसांचा. म्हणजे सुमारे ४८२ ग्रॅम. भावांच्याच सोन्याच्या काट्यावर ती ४७५ भरली. आमच्या कोरड्या हवेत लाकूड एवढं हलकं होणारच.

वरची हद्द मिळाली ती लाकडात नव्हे, तर आजोबांच्या चोपड्यात. १९४९ सालच्या एका पानावर मोडीत नोंद होती: क्लबाच्या लिलावात खेळाची काठी, रुपये अकरा. इंग्रज साहेब मायदेशी परतले, तेव्हा कितीतरी क्लबांचं सामान असं बाजारात आलं. आणि या खेळाशी आपला संबंध जुनाच आहे. स्नूकरचा जन्मच १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत झाला, आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यातच जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले.

मी एका कागदावर लिहून दिलं: ‘इंग्लिश धाटणीची क्यू. काळ १९३२ ते १९४९. कारखानदाराचं नाव पुसलेलं. राजाची असल्याचा पुरावा नाही. जगज्जेत्याच्या हातातली नाही.’ खरेदीदार पुन्हा फिरकला नाही. धाकटे काहीसे हिरमुसले. थोरल्यांनी मात्र चोपड्याचं ते पान दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, ‘अकरा रुपयं! तवा आज्याला म्हयन्याला किती मिळत असतील? पोटाला चिमटा काढून त्यानं ही घेतली म्हणायची. राजाची न्हाई, तर आज्याची तरी हाय.’

ती काठी वाटणीत कुणालाच गेली नाही. आता ती दोघांच्या सामाईक बैठकीत उभी आहे आणि शेजारी चोपड्याच्या पानाची चौकट आहे. तुमच्याही माळ्यावर असं काही असेल, तर घासू नका. कोरड्या फडक्यानं पुसा, आणि घरातल्या जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा.