विश्लेषण : प्रथिनांचा ‘पत्ता’ चुकला की दृष्टी का जाते?

अंधार पडला की दिसेनासे होते, अशी तक्रार कोणी केली की घरोघरी पहिला सल्ला मिळतो तो गाजर आणि पालेभाज्या खाण्याचा. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे रातांधळेपणा आला असेल, तर हा सल्ला योग्यच. मात्र काही रुग्णांमध्ये जीवनसत्त्व पुरेसे असते आणि चष्मा बदलूनही फरक पडत नाही. त्यांच्यापैकी काहींमध्ये दोष असतो तो डोळ्यातील पेशींच्या आतल्या मालवाहतुकीत. ही वाहतूक कशी चालते आणि ती बिघडली तर काय होते, याविषयी…

दंडपेशींची रचना कशी असते?

मंद प्रकाशात पाहण्याचे काम दृष्टिपटलातील दंडपेशी करतात. एका डोळ्यात त्यांची संख्या सुमारे १२ कोटी असते. प्रत्येक पेशीचे दोन मुख्य भाग असतात. आतल्या भागात प्रथिने तयार होतात. बाहेरच्या भागात शेकडो चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांत प्रकाश टिपणारे ऱ्होडोप्सिन हे प्रथिन ठासून भरलेले असते. हा बाहेरचा भाग म्हणजे मुळात एक सिलियम, अर्थात पेशीवरील केसासारखा सूक्ष्म अवयव. दोन्ही भागांना जोडणारा पूल एकच आणि त्याची रुंदी जेमतेम ०.३ मायक्रॉन. मानवी केसाच्या जाडीच्या तुलनेत हा साधारण दोनशेवा भाग झाला.

या पुलावर एवढा ताण का?

बाहेरच्या भागात प्रथिने तयार करण्याची सोय नाही. शिवाय जुन्या चकत्या टोकाकडून रोज गळतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. सुमारे १० दिवसांत सगळा साठा नवा होतो. त्यामुळे एकेका पेशीला दर मिनिटाला ऱ्होडोप्सिनचे हजारो रेणू या पुलावरून पाठवावे लागतात आणि ही पाठवणी आयुष्यभर सुरू असते.

प्रथिनाला पत्ता कसा कळतो?

ऱ्होडोप्सिन ही ३४८ अमिनो आम्लांची साखळी आहे. तिच्या शेपटाकडची शेवटची चार अमिनो आम्ले पार्सलवरच्या पत्त्यासारखी असतात. पेशीतील गॉल्गी या विभागात एआरएफ-४ सारखी प्रथिने हा पत्ता ‘वाचतात’ आणि माल पिशवीसारख्या पुटिकेत भरला जातो. पुढे रॅब-११ आणि रॅब-८ ही प्रथिने पुटिकेला सिलियमच्या तळाशी आणतात. सिलियममध्ये सूक्ष्मनलिकांचे रूळ असून त्यांवरून किनेसिन आणि डायनीन या मोटर-प्रथिनांची ये-जा चालते. अशी वाहतूक १९९३ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात एका हिरव्या शेवाळात प्रथम दिसली. सिलियमच्या तोंडाशी सीईपी-२९० सारख्या प्रथिनांचे ‘फाटक’ असते. चुकून आत शिरलेली प्रथिने बाहेर काढण्याचे काम ‘बीबीसोम’ हा प्रथिनसमूह करतो.

बिघाड कुठे होतो?

ऱ्होडोप्सिनच्या ३४७ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले तरी पत्ता खराब होतो. माल तयार होतो, पण योग्य ठिकाणी पोहोचत नाही आणि हळूहळू पेशी मरते. यातून रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आजार होतो. त्यात आधी रातांधळेपणा येतो, मग बोगद्यातून पाहावे तशी नजर आकुंचन पावते. याच प्रथिनात २३ व्या जागी बदल झाला, तर मालच सदोष निघतो आणि कारखान्यात अडकतो. १९९० मध्ये सापडलेला हा दोष या आजाराशी जोडला गेलेला ऱ्होडोप्सिनमधील पहिला दोष होता. सीईपी-२९० मध्ये बिघाड असेल, तर बाळाची दृष्टी जन्मापासूनच अधू असू शकते. बीबीसोम बिघडल्यास दृष्टीबरोबरच लठ्ठपणा, जास्तीची बोटे आणि मूत्रपिंडाचे विकारही दिसतात, कारण सिलिया शरीरात इतरत्रही असतात.

उपचार कुठवर आले?

अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेली जनुकोपचार पद्धत आरपीई-६५ या जनुकातील दोषापुरतीच आहे. वाहतुकीतील दोषांवर तिचा उपयोग नाही. सीईपी-२९० चे जनुक तर इतके लांब आहे, की नेहमीच्या वाहक विषाणूत ते मावतच नाही. म्हणून संशोधकांनी डोळ्यातच ‘क्रिस्पर’ तंत्राने जनुकदुरुस्ती करून पाहिली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १४ पैकी ११ जणांत किमान एका निकषावर सुधारणा दिसली. मात्र हा उपचार अद्याप सर्वांसाठी उपलब्ध नाही.

रुग्णांनी काय करावे?

लक्षण सारखे असले तरी दोष वेगळा असू शकतो. म्हणून नेत्रतपासणीबरोबर जनुकीय चाचणी आणि समुपदेशन महत्त्वाचे ठरते. काही प्रकारांत आई किंवा वडिलांकडून आलेले एकच सदोष जनुक पुरेसे असते, तर काहींत ते दोघांकडून यावे लागते. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशा नात्यांतील लग्नांत हा दुसरा धोका वाढतो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. अतिरेकामुळे यकृताला इजा होऊ शकते, गर्भवतींसाठी त्या घातक ठरू शकतात आणि दृष्टिपटलाच्या काही आजारांत नुकसानच होते. दोष नेमका कुठे आहे हे कळले, तर उपचार उपलब्ध होईल तेव्हा तो आपल्यासाठी आहे की नाही, हेही ठरवता येईल.