पडद्यावरच्या कळशा

चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना नळाच्या पाण्याची कथा सांगावी लागत नाही. पाणी ठरल्या वेळी येते, ठरल्या वेळी जाते. अलीकडच्या बिऱ्हाडाचे हंडे काठोकाठ भरतात आणि टोकाच्या बिऱ्हाडाची कळशी अर्धीमुर्धी राहते. भिंतीला टांगलेल्या आपल्या टी.व्ही.च्या पडद्यावर हाच प्रकार क्षणोक्षणी चालतो असे म्हटले, तर वाचक हसतील. पण इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी हयात गेली आणि पडद्याचे अंतरंग सांगायला याहून चांगला दृष्टान्त मला सापडलेला नाही.

साधा फुल एच.डी. लिक्विड क्रिस्टलचा पडदा घ्या. त्यात 1080 आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत 1920 ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन कप्पे. म्हणजे 62 लाखांहून अधिक कप्पे! प्रत्येक कप्प्याला एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कंडेन्सर. कंडेन्सर ही कळशी, ट्रान्झिस्टर ही तोटी. एका ओळीच्या सगळ्या तोट्या एकदम उघडतात, उभ्या तारांतून विजेचा ठरावीक दाब कळशांत उतरतो, तोट्या बंद होतात. मग पुढच्या ओळीची पाळी. कळशीत जेवढा दाब, त्या हिशेबाने कप्पा उजळ किंवा काळोखा. पुन्हा पाळी येईपर्यंत त्या शिदोरीवरच त्याने तग धरायचा.

आता वेळेचा हिशेब पाहा. सेकंदाला 60 चित्रे दाखवायची, तर एका ओळीच्या वाट्याला सुमारे 15 मायक्रोसेकंद येतात. म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी पंधरा! फोर-के पडद्यावर 2160 ओळी आणि चित्रे 120. एका वेळी एकच ओळ उघडायची म्हटले, तर हाती चार मायक्रोसेकंदसुद्धा उरत नाहीत. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले, तेव्हाच्या 625 ओळींच्या चित्रात प्रत्येक ओळीला चांगले 64 मायक्रोसेकंद मिळत. आणि त्या काचेच्या नळीत कळशा नव्हत्याच. इलेक्ट्रॉनांचा झोत नुसता फिरून जाई.

शिवाय कळशी जवळजवळ भरून भागत नाही. कंडेन्सर भरताना आधी भराभर चढतो, शेवटी रेंगाळतो. ठरावीक एका काळात 63 टक्के, त्याच्या पाचपट काळात 99.3 टक्के. तुम्ही म्हणाल, झाले की! पण पडद्याला 256 छटा वेगळ्या दाखवायच्या असतात. अर्ध्या टक्क्याहून जास्त चूक झाली, की एक छटा दुसरीत मिसळते.

त्यात आणखी एक पीडा. लिक्विड क्रिस्टलला एकाच दिशेचा दाब सतत सोसत नाही. जुन्या चित्राची सावली पडद्यावर चिकटून राहते. म्हणून दर चित्राला धन-ऋण अशी उलटापालट करावी लागते. म्हणजे आधीची कळशी उपसायची आणि उलट्या बाजूने पुन्हा भरायची!

असा पडदा शक्य आहे हे दाखवणाऱ्यांत पीटर ब्रॉडी हे नाव मोठे. अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउसमध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1973 साली सहा इंची चौकोनी पडदा प्रसिद्ध केला, 120 ओळींचा. आज तो खेळण्यासारखा वाटेल. पण तोटी आणि कळशी हीच जोडी त्यात होती. 1979 साली स्कॉटलंडमधल्या डंडी येथे स्पिअर आणि लकोंबर यांनी अस्फटिकी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर पुढे आणला. तो मोठ्या काचेवर स्वस्तात पसरता येतो म्हणून जगभर चालला, पण तोटी फार बारीक! त्यातून वीज मंद वाहते. जपानच्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने 2004 साली इंडियम, गॅलियम आणि जस्त यांच्या ऑक्साइडचा ट्रान्झिस्टर लवचीक पत्र्यावर करून दाखवला. त्यातून वीज सुमारे दसपट सुलभ वाहते.

तोटी सुधारली तरी टोकाचे बिऱ्हाड राहतेच. तोट्या उघडण्याचा हुकूम आडव्या तारेतून जातो आणि दूरच्या टोकाला तो उशिरा व मिळमिळीत होऊन पोचतो. बंद होण्याचा हुकूमही उशिराच! तोवर उभ्या तारांत पुढच्या ओळीचे पाणी आलेले असते आणि ते भलत्याच कळशीत शिरते. म्हणून तोट्या थोड्या आधीच बंद कराव्या लागतात. मुळात तुटपुंजा वेळ आणखी कापला जातो.

यावर इंजिनिअरांनी केलेल्या युक्त्या मला मोठ्या लोभस वाटतात. अॅल्युमिनियमच्या जागी तांब्याची तार आली. मग तीच तार दोन्ही कडांनी चालवू लागले. उशीर निम्म्यावर यावा असे वाटते, पण तो येतो चौथ्या भागावर; कारण निम्म्या लांबीत रोधही निम्मा आणि वाटेत भरायचे विजेचे ओझेही निम्मे. तिसरी युक्ती तर आमच्या आजीला शोभणारी. आपली पाळी येण्याआधीच, शेजारची ओळ भरत असताना, तोटी उघडून ठेवायची! शेजारच्या ओळींतले चित्र बहुधा सारखेच असते. तेव्हा बरीचशी कळशी उसन्या पाण्याने आधीच भरते आणि आपल्या पाळीत फक्त नेमका माप जुळवायचा. कोणी लांबच्या ओळींना मुद्दाम किंचित जास्त दाब देतात, म्हणजे वाटेतली तूट भरून निघते.

मात्र शेजारी नेहमीच सारखा नसतो. एक ओळ पांढरी, एक काळी असे चित्र आले की उसने पाणीच उलटे नडते. दिवाळीत नवा पडदा घ्यायला निघाल, तेव्हा खोक्यावरचे फोर-के आणि 120 हे आकडे वाचून झाल्यावर दुकानदाराला अशाच बारीक आडव्या, आलटून-पालटून काळ्या-पांढऱ्या रेघांचे चित्र लावायला सांगा; पडद्याच्या ओळीमागे एक रेघ. मग जरा लांब उभे राहून कडा, मध्य आणि तळ यांचा उजेड सारखा आहे का ते पाहा. तो त्याऐवजी धबधबे आणि पोपट दाखवू लागेल. त्यांत कळशा कमी भरल्या तरी कळत नाहीत, हे लक्षात असू द्या, आणि रेघाच मागा.