वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज : दाखल्यांची तयारी अकरावीपासून हवी

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्यास स्वतःविषयी निबंध लिहावा लागतो. आपल्याकडील अर्जात निबंधास स्थान नाही. येथे दोनच गोष्टी पाहिल्या जातात : ७२० गुणांच्या ‘नीट’ परीक्षेतील गुण आणि अर्जासोबतचे दाखले. गुण विद्यार्थी स्वतःच्या कष्टाने मिळवितो. दाखल्यांसाठी मात्र त्यास घर, शाळा व गाव यांचे साहाय्य लागते.

शिरूर कासार तालुक्यात या साहाय्याची निकड विशेष आहे. येथील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जातात व उन्हाळ्यात परततात. सामान्यतः ‘नीट’ मे महिन्यात होते. निकालानंतर राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाकडे नोंदणी करावयाची असते व तिची मुदत थोड्या दिवसांची असते. तेवढ्या अवधीत आजोबांच्या काळचा पुरावा शोधणे दुरापास्त होय. आणि त्याआधीचा हिवाळा पालक फडावर असताना निघून गेलेला असतो. म्हणून दहावीच्या निकालापासून दसऱ्यापर्यंतचा काळ हाच या कामाचा खरा हंगाम समजावा.

पहिली बाब शिक्षणाच्या ठिकाणाची. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून व ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. राज्याच्या कोट्यासाठी, काही अपवाद वगळता, दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आणि अधिवास प्रमाणपत्र असणे आवश्यक असते. पाल्यास परराज्यात शिकवणीस पाठविणाऱ्या किंवा तोडणीसाठी सोबत नेणाऱ्या पालकांना हा नियम आधीच समजावून सांगावा.

दुसरी बाब जात पडताळणीची. २००० सालच्या राज्य अधिनियमानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. वास्तव्याच्या पुराव्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा लागू आहेत. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने जुन्या नोंदी पुष्कळदा उर्दूत आढळतात. त्यांचे अधिकृत भाषांतर जोडावे लागते. वडील, काका किंवा आत्या यांच्याकडे वैधता प्रमाणपत्र असल्यास काम पुष्कळ सुकर होते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यास अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज करता येतो. वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर न झाल्यास राखीव जागेवरील हक्क गमावण्याची वेळ येते.

तिसरी बाब नोंदींतील एकवाक्यतेची. नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहावी. ‘नीट’च्या अर्जातील प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे असतो, तर राज्याच्या अर्जातील प्रवर्ग राज्याच्या यादीप्रमाणे. उदाहरणार्थ, वंजारी समाज राज्यात भटक्या जमाती ‘ड’ प्रवर्गात, तर केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात मोडतो. म्हणून नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्रे दोन्ही नमुन्यांत काढून ठेवणे हिताचे ठरते.

या कामी प्रत्येकाचा वाटा ठरलेला आहे. मुख्याध्यापकांनी वडील व आजोबांच्या प्रवेश-निर्गम नोंदीचे उतारे मागणी होताच साक्षांकित करून द्यावेत. महसूल कर्मचाऱ्यांनी कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी शोधण्यास मदत करावी. पंचायत सदस्यांनी अकरावी विज्ञानास गेलेल्या मुलामुलींची यादी करून, पालक गाव सोडण्यापूर्वी वंशावळ व शपथपत्रावरील सह्या पूर्ण झाल्या आहेत किंवा नाही, हे पाहावे.

२०२० मध्ये ७०:३० ही प्रादेशिक विभागणी रद्द झाली. तेव्हापासून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील जागेसाठीही बीडच्या विद्यार्थ्यास सर्व राज्याशी स्पर्धा करावी लागते, आणि राज्यातील इतर महाविद्यालयांची दारेही त्यास तितकीच खुली झाली आहेत. अशा स्पर्धेत उतरून गुण मिळविणाऱ्या मुलाची वाट एका उताऱ्यावाचून अडू नये, एवढी दक्षता प्रत्येक गावास घेता येण्याजोगी आहे.