जमिनीलगतच्या हवेचे रात्रीचे उष्णतामान

वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरास तपांबर म्हणतात. विषुववृत्तावर त्याची जाडी सुमारे १६ ते १८ किलोमीटर, तर ध्रुवांकडे आठ-नऊ किलोमीटर भरते. या थरातील हवा प्रत्यक्ष सूर्यकिरणांनी थोडीच तापते. तिला उष्णता मिळते ती मुख्यतः भूपृष्ठाकडून. शिवाय वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि त्या कामी आपलीच उष्णता खर्च करते. म्हणून जसजसे वर जावे तसतसे उष्णतामान उतरत जाते. हा उतार सरासरीने दर किलोमीटरास ६.५ अंश सेल्सिअस धरतात.

निरभ्र व वारा पडलेल्या रात्री मात्र जमिनीजवळ हा क्रम उलटतो. जमीन आपली उष्णता अदृश्य अवरक्त प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे टाकीत राहते आणि तिच्यावरील हवेपेक्षा लवकर निवते. परिणामी खालची हवा थंड व वरची उबदार, अशी विपरीतता उत्पन्न होते. हिवाळ्यात पहाटे शेकोटीचा धूर थोडा वर चढून आडवा पसरतो, तो यामुळेच.

यावरून सर्वांत थंड जागा म्हणजे खुद्द जमिनीचा पृष्ठभाग, असे कोणीही म्हणेल. आणि पाठ्यपुस्तकांतही बहुधा तसेच असते. परंतु १९३२ साली एल्. ए. रामदास व एस्. आत्मनाथन् या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी पुणे व अन्य ठिकाणच्या मोजमापांवरून निराळीच गोष्ट पुढे मांडली. उघड्या जमिनीवर, शांत व निरभ्र रात्री, नीचतम उष्णतामान पृष्ठभागावर नसून त्याच्या काही दशांश मीटर वर असते. जमीन त्या हवेहून काही अंशांनी उबदारच राहते!

हे निरीक्षण सहजासहजी मान्य झाले नाही, आणि त्यात नवल नाही. खाली उबदार व वर थंड हवा असेल, तर हलकी हवा वर उसळून दोन्ही मिसळून जावयास हवीत. तापमापकांनाच प्रारणाचा उपसर्ग होत असावा, किंवा शेजारच्या भागातून थंड हवा वाहत येत असावी, अशा शंका साहजिकच निघाल्या. राश्के या जर्मन संशोधकाने पुण्यातच अधिक काळजीपूर्वक मोजमापे करून १९५७ मध्ये या घटनेस दुजोरा दिला, तेव्हा उपकरणदोषाचा आक्षेप बराच मागे पडला.

कारणाचा प्रश्न अधिक अवघड ठरला. वहन एकटे पुरे पडत नाही. हवेचा तो पातळ थर स्वतःच प्रारणाने जमिनीपेक्षा जलद निवत असला पाहिजे. १९९३ मध्ये रोद्दम नरसिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्द्र हवेतील प्रारणाच्या देवघेवीवर आधारलेली उपपत्ती मांडली. पुढे २०१० नंतर बंगळूर येथील संशोधकांनी मैदानावरील व प्रयोगशाळेतील प्रयोगांच्या आधारे या थंडीचे श्रेय जमिनीलगत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांना दिले. डोळ्यांस न दिसणाऱ्या धुळीकडे हा मान जावा, हे मोठे मौजेचे होय.

शेतीच्या दृष्टीने ही चर्चा निव्वळ तात्त्विक नाही. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे १.२ मीटर उंचीवरील पेटीत ठेवलेले असतात. उघड्या मातीतून नुकतीच वर आलेली रोपे मात्र त्या पेटीच्या बऱ्याच खाली, याच थंड थरात किंवा त्याच्या आसपास उभी असतात. पेटीतील नीचतम आकड्यावरून त्यांना सोसावी लागणारी थंडी ठरविता येत नाही. त्यासाठी जमिनीपासून निरनिराळ्या उंचींवर वेगळी मोजमापे घ्यावी लागतात.