इतिहासाच्या बाईंची शिकवणी कोण घेतं?

शाळेतून आलेलं मूल दप्तर टाकता टाकता सांगतं, "आज इतिहासाच्या बाईंनी उत्तर सांगितलंच नाही. दोन उतारे दिले आणि म्हणाल्या, कोणावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा." आपण सनावळ्या पाठ करून आणि 'कारणे द्या' सोडवून मोठे झालो. साहजिकच मनात येतं, या बाईंची तयारी कच्ची आहे की काय? त्सुफेनहाउझेन आणि आसपासच्या मराठी घरांसाठी आज हेच समजून घेऊ या. इथला इतिहासाचा शिक्षक घडतो कसा, आणि त्याच्याशी आपण बोलावं कसं?

आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात गिम्नाझिउमचा शिक्षक होणारा माणूस आधी विद्यापीठात दोन विषय शिकतो, उदाहरणार्थ इतिहास आणि इंग्रजी. पदवीनंतर लगेच कायमची नोकरी मिळत नाही. आधी 'रेफेरेन्डारियाट' नावाची दीड वर्षाची उमेदवारी असते. पहिले काही महिने दुसऱ्यांचे तास पाहायचे आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकवायचं. नव्या शालेय वर्षापासून स्वतःचे वर्ग सांभाळायचे. याच काळात शिक्षक-प्रशिक्षण सेमिनारमध्येही जावं लागतं. परीक्षेच्या वेळी परीक्षक मागच्या बाकावर बसून अख्खा तास पाहतात.

हा काळ सोपा नसतो. शाळाप्रमुखांचा अहवालही अंतिम गुणांत धरला जातो. त्यामुळे "माझा आजचा तास फसला" असं मोकळेपणी सांगायला नवखी माणसं बिचकतात. पुढे नोकरीत आल्यावरही प्रशिक्षणं चालूच राहतात. 2019 पासून शाळांची गुणवत्ता आणि शिक्षक-प्रशिक्षण पाहणारं राज्याचं वेगळं केंद्र आहे.

तुमच्यापैकी कुणाचे आई-वडील महाराष्ट्रात शिक्षक असतील, तर त्यांना केंद्राची शिक्षण परिषद, साधनव्यक्ती, 2019 मध्ये सुरू झालेलं 'निष्ठा' प्रशिक्षण हे सगळं ओळखीचं असेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर शिक्षकाने दरवर्षी किमान 50 तास स्वतःच्या प्रशिक्षणाला द्यावेत असं म्हटलं आहे. पण त्यांना एकदा विचारून पाहा, सभागृहात ऐकलेलं वर्गात उतरलं का? तास पाहून नंतर शेजारी बसून बोलणारं कुणी भेटलं, तर ते शिकणं टिकतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाई उत्तर का देत नाहीत? त्याचं मूळ स्टुटगार्टच्या पूर्वेला बॉइटेल्सबाख या गावात आहे. 1976 साली राज्याच्या राजकीय शिक्षण संस्थेने तिथे परिषद भरवली. तिच्यातून तीन तत्त्वं पुढे आली. शिक्षकाने आपलं मत विद्यार्थ्यांवर लादू नये. जाणकारांत जे वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावं. आणि परिस्थिती पारखून आपलं हित कशात आहे, हे विद्यार्थ्याला स्वतः ठरवता यावं. नाझी काळात शाळा प्रचाराचं साधन बनल्या होत्या. त्या देशात या तत्त्वांना किती वजन असेल, ते सांगायला नको.

त्सुफेनहाउझेनमधलंच उदाहरण घ्या. पोर्शे कंपनी 1931 मध्ये स्थापन झाली, तेव्हा आडोल्फ रोझेनबेर्गर हे ज्यू कुटुंबातले गृहस्थ तिचे एक संस्थापक होते. 1935 मध्ये त्यांचा हिस्सा गेला, त्याच वर्षी त्यांना अटक होऊन छळछावणीत ठेवलं गेलं, आणि पुढे त्यांनी देश सोडला. हिस्सा विकत घेतला गेला तो व्यवहार न्याय्य होता का? शिक्षक निकाल देऊन मोकळा होत नाही. कागद कुणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला, हे मुलांना आधी विचारायला लावतो. याचा अर्थ सगळीच मतं सारखी असा नाही. छळछावण्या होत्या की नव्हत्या, यावर वर्गात मतदान होत नाही.

आपल्या घराचा खरा कस लागतो तो नेताजींच्या बाबतीत. आपल्या भिंतीवर त्यांचा फोटो असतो. जर्मन पुस्तकाच्या नजरेतून मात्र ते मे 1942 मध्ये हिटलरला भेटलेले नेते. मूल मध्येच सापडतं. अशा वेळी "तुमच्या बाईंना काय कळतंय" असं म्हणू नका, आणि "तिथे गप्प बस" असंही सांगू नका. 1941 मध्ये ते बर्लिनला का आले, इंग्रजांच्या कैदेतून निसटलेल्या माणसापुढे कोणते मार्ग होते, आणि त्या सोबतीची किंमत काय होती, हे तिन्ही प्रश्न घरीच बोला. मग मुलाला ते वर्गात मांडू द्या. तयारीचा शिक्षक अशा प्रश्नाची वाटच पाहत असतो.

पुढच्या पालकसभेला "माझ्या मुलाला किती गुण मिळाले?" याच्या जोडीला एक प्रश्न नक्की विचारा, "वादाचा विषय आला की तुम्ही वर्गात तो कसा हाताळता?" पाहा, शिक्षक किती मनापासून बोलू लागतात. आणि घरी आजोबांचं एखादं जुनं पत्र असेल, तर मुलाबरोबर ते शाळेत पाठवा. मूळ कागद जपून ठेवा, प्रत पाठवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!