मोती आणि सिंहगड

पुण्याच्या माणसाला रविवारी सिंहगड चढण्याची खोड असते. आमच्या मोतीला ती मीच लावली. आतकरवाडीच्या वाटेला लागलो, की मी एक वळण चढेपर्यंत स्वारी दोनदा वर जाऊन माझा समाचार घ्यायला परत येई!

एका मार्चमध्ये मात्र निघायला उशीर झाला. अकराच्या सुमारास कातळ चांगलाच तापला. अर्ध्या वाटेवर मोतीने एकदम बसकण मारली. जीभ लोंबलेली, पाय लटपटत. तरी मी पाऊल उचलताच तो उठू पाहत होता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; धापा टाकूनच तो अंग निववतो. त्याला सावलीत घेतले, पोट आणि पंजे भिजवले, ओंजळीने पाणी पाजले. अर्ध्या तासाने शेपटी हलली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. गड वरच राहिला; आम्ही खाली उतरलो.

१६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी याच गडासाठी प्राण वेचले. इमानाची ती जागा. पण इमानी जीव आपण होऊन थांबत नाही. त्याला कुठे थांबवायचे, हे धन्यानेच ओळखायचे असते.

हल्ली आम्ही झुंजुमुंजू होताच निघतो, आणि पिशवीत माझ्या फराळाआधी मोतीची वाटी जाते.